विसावा गवताला हवा

डिसेंबर २०२४मध्ये मध्य प्रदेश सरकारनं भोपाळच्या दक्षिणेकडचं रातापानी अभयारण्य राज्यातला आठवा व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर केलं आणि त्याला नाव दिलं डॉ. विष्णू श्रीधर वाकणकरांचं. वाघांच्या जंगलाला पुरातत्त्वज्ञाचं नाव मिळावं, असं आपल्याकडे क्वचितच घडतं. नीमचला जन्मलेल्या आणि उज्जैनचे म्हणून ओळखल्या गेलेल्या वाकणकरांना १९५७ साली रेल्वेच्या खिडकीतून काही वेगळेच खडक दिसले. त्यांच्या ओढीनं ते तिथवर गेले आणि भीमबेटकाची चित्रं जगापुढं आली. भोपाळपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवरच्या या गुहा आज त्यांच्याच नावाच्या प्रकल्पात आहेत. त्यातल्या एका खडकाला पर्यटक ‘झू रॉक’ म्हणतात, इतकी जनावरं त्यावर दाटीवाटीनं रेखली आहेत. बहुतेक जनावरं चरणारी आहेत. हरणं, सांबर, रानरेडे आणि हत्ती. पुढच्या काळातल्या चित्रकारांची माळव्याच्या सपाटीवरच्या शेतकऱ्यांशी देवघेव होती, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे इथल्या रानाची आणि गोठ्याची ओळख काही हजार वर्षांची आहे.

नव्या व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र १,२७१ चौरस किलोमीटर आहे. त्यातलं ७६३ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र, बाकीचं बफर. अभयारण्याच्या पोटात नऊ महसुली गावं आहेत. प्रकल्प जाहीर करताना ती गाभ्यातून वगळून बफरमध्ये धरली गेली. कागदावर हा तोडगा चांगला आहे, पण गुरांना नकाशा वाचता येत नाही. सकाळी गोठ्यातून सुटलेलं ढोर गवत असेल तिकडे जातं. गवत कुठं उरलं आहे, या प्रश्नाचं उत्तर गेल्या पन्नास वर्षांत पार बदलून गेलं आहे.

रस्त्यावर बसलेली गुरं

पावसाळ्यात भोपाळहून ओबेदुल्लागंजकडे गाडीनं निघा. डांबरावर पाच-पन्नास गायी-बैल निवांत रवंथ करत बसलेले दिसतात. ट्रकवाले हॉर्न वाजवून थकतात आणि वळसा घालून पुढं जातात. शहरातल्या माणसाला हा मोकाटपणा वाटतो. मोकाटपणा आहेच, पण दुसरं कारण साधं आहे. त्या दिवसांत रस्त्याइतकी कोरडी, माश्या कमी असलेली आणि कुणी हाकलून न देणारी जागा आसपास दुसरी नसते.

२०१९च्या विसाव्या पशुगणनेनुसार मध्य प्रदेशात गाय-बैल १ कोटी ८७ लाखांच्या आसपास आहेत. पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशानंतर देशात तिसरा क्रमांक. शिवाय कोटीभर म्हशी आणि कोटीभर शेळ्या. आकडा प्रचंड आहे. त्यामुळे कुरणांच्या दुर्दशेवरची चर्चा बहुतेक वेळा इथंच सुरू होते आणि इथंच संपते. जनावरं फार, म्हणून गवत नाही.

माळव्यातल्या जुन्या शेतकऱ्याला विचारलं तर तो आणखी एक गोष्ट सांगतो. इथली काळी भारी जमीन पूर्वी पावसाळ्यात बरीचशी पड ठेवत. चिखलात औत चालत नसे. पाऊस ओसरला की त्या साठवलेल्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. ते चार महिने पडीक वावरात जे काही उगवे ते गुरांचं. १९७०च्या दशकापासून सोयाबीन आलं आणि या खरीप पडीतच रुजलं. मध्य प्रदेश ‘सोया स्टेट’ झाला, १९८७ साली सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्थाही इंदूरला आली. शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला, ही गोष्ट छोटी नाही. पण ज्या महिन्यांत गवत वाढतं नेमक्या त्याच महिन्यांत गुरांच्या पायाखालची लाखो एकर जमीन गेली. ज्वारी मागं पडली तसा कडबाही गेला. सोयाबीनच्या काडाला कडब्याची सर नाही. गव्हाला हार्वेस्टर आला तेव्हा शेतात उभं राहिलेलं बुडखं जाळायची चाल पडली. इथं त्याला ‘नरवाई’ म्हणतात. चैत्र-वैशाखात नरवाईचा धूर भोपाळच्या आसपास रोजचाच. ज्यातून भुसा झाला असता त्याची राख होते.

म्हणजे गुरांची संख्या हा निम्मा हिशेब झाला. उरलेला निम्मा असा की ती गुरं आता पावसाळाभर एकाच ठिकाणी दाटली आहेत. गावच्या उरल्यासुरल्या चरनोईवर, म्हणजे चराईसाठी राखलेल्या जमिनीवर, रस्त्याच्या कडेला आणि जंगलात.

एका ठोंबाची गोष्ट

चराईनं कुरणाचं नेमकं काय होतं, ते एका ठोंबापाशी बसून पाहावं. भीमबेटकाच्या वाटेवर, जिथं विंध्याच्या वाळुखडकावर वीतभर माती आहे, तिथं जुलैअखेरीला पवना या गवताचा ठोंब सापडतो. पात्यांचा जुडगा बाजूला सारला की बुडाशी, जमिनीला जवळजवळ चिकटून, फिकट हिरवे-पांढरे कोंब दिसतात. गवताची सारी जादू तिथं आहे. झाडाचा शेंडा खुडला की त्या फांदीची वाढ खुंटते, पण गवताचा वाढणारा भाग शेंड्याला नसून बुडाशी असतो. गायीनं जिभेचा वेढा घालून वरचं पातं ओढलं तरी खालून नवं येतं. चरणाऱ्या जनावरांबरोबर लाखो वर्षं राहून गवत हे शिकलं. हलकी चराई झाली तर ठोंब उलट जास्त फुटवे धरतो. जुनी वाळकी पाती निघून जातात, बुडापर्यंत ऊन पोचतं, शेणातून खत मिळतं, खुरांनी बी मातीत दाबलं जातं.

ही शक्ती अमर्याद नाही. पहिल्या पावसानंतर फुटणारं पातं गेल्या वर्षी मुळांत साठवलेल्या शिलकीवर वाढतं. त्या पात्यानं ऊन खाऊन शिल्लक पुन्हा भरायची असते. ती भरण्याआधीच पातं तोडलं, पंधरा दिवसांनी पुन्हा तोडलं, महिन्यानं पुन्हा, तर मूळ आखडतं. एखाद्या वर्षी ठोंब तग धरतो, पण चार-पाच वर्षं हेच झालं की तो मरतो. सगळ्यात आधी मरतं ते गुरांना सगळ्यात जास्त आवडणारं गवत, कारण त्यालाच सगळ्यात जास्त वेळा तोंड लागतं.

त्याच्या जागी येते कुसळी. हिचं बी जवळून पाहण्यासारखं आहे. टोकाला सुईसारखं अणकुचीदार, मागं दोन-तीन इंच लांब पिळदार केस. तळहातावर ठेवून थुंकीचा थेंब लावला की तो केस स्वतःभोवती फिरू लागतो. ओलीनं पीळ सुटतो, वाळला की पुन्हा बसतो. या फिरण्यानं बी स्वतःला जमिनीत घुसवून घेतं. मेंढीच्या लोकरीत आणि कातड्यातही ते असंच शिरतं. कुसळं येण्याआधी हे गवत गुरं खातात, आल्यावर तोंड फिरवतात. म्हणून जिथं चराई जास्त, तिथं कुसळीचं फावतं. तिच्यावरही ताण पडला की आखूड, एका हंगामाची, लवकर वाळणारी गवतं येतात. त्यानंतर टाकळा, रानतुळस, गाजरगवत आणि घाणेरी. शेवटी नुसता मुरूम. खुरांनी घट्ट झालेल्या जमिनीत पाणी मुरत नाही, वरची माती वाहून जाते, आणि मग गुरं काढून घेतली तरी पवना आपोआप परतत नाही.

हा उतरता क्रम शास्त्राच्या दप्तरात नोंदवणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे. पु. मो. दाबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांचा ‘द ग्रास कव्हर ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १९७३ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं काढला. देशभरची गवतं पाहून त्यांनी पाच मोठे प्रकार केले. त्यातला पवना-मारवेलचा पट्टा सर्वांत विस्तीर्ण, जवळजवळ सगळं द्वीपकल्प व्यापणारा. भोपाळ, विदर्भ, मराठवाडा, सोलापूर हे सगळे याच पट्ट्यात येतात. म्हणून भोपाळच्या कुरणाची कथा मराठी वाचकाला परकी नाही. गवताच्या नकाशात आपण एकाच मुलखाचे रहिवासी आहोत.

चरनोईची वजाबाकी

महाराष्ट्रात गायरान, तशी मध्य प्रदेशात चरनोई. १९५९च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेनं गावाच्या निस्तारासाठी, म्हणजे जळण, चराई, स्मशान, खळं अशा सामाईक गरजांसाठी जमीन राखून ठेवायची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर टाकली. चराईसाठी किती टक्के राखायची, हा आकडा मात्र सरकारं बदलत गेली. मुख्यमंत्री दिग्विजय सिंह यांच्या कारकिर्दीत, गेल्या शतकाच्या अखेरीस, तो टप्प्याटप्प्यानं कमी करत दोन टक्क्यांवर आणला गेला आणि मोकळी झालेली जमीन भूमिहीन दलित-आदिवासी कुटुंबांना वाटायचं ठरलं. जानेवारी २००२मध्ये भोपाळला दलित-आदिवासी प्रश्नांवर मोठी परिषद भरली, ‘भोपाळ दस्तऐवज’ निघाला. जमीनवाटप त्याच राजकारणाचा भाग होतं.

कुरणप्रेमींनी या निर्णयावर नुसतं नाक मुरडून चालणार नाही. आपल्याकडे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसं तुरुंगात गेली. मराठवाड्यात पुढं एकनाथ आव्हाडांच्या मानवी हक्क अभियानानं गायरानाचा लढा चालवला. ज्यांच्या नावावर ओंजळभर जमीन नव्हती त्यांना गावात मागण्याजोगी एकच जमीन दिसत होती, ती गायरान. मोठ्या बागायतदाराची जमीन कुणी मोजायला गेलं नाही. मध्य प्रदेशातही तेच झालं. सिलिंगची जमीन काढणं अवघड, चरनोई वाटणं सोपं. अनेक गावांत पट्टा मिळाला पण ताबा मिळाला नाही, कारण चरनोईवर आधीच गावातल्या दांडग्यांनी नांगर घातलेला होता. तो नांगर निघाला नाही आणि भांडण मात्र दलित कुटुंब आणि गुराखी यांच्यात लागलं.

सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याच्या योजना आखायला सर्व राज्यांना सांगितलं. भूमिहीनांना आधी दिलेले पट्टे अपवाद म्हणून विचारात घेता येतील, असंही त्यात म्हटलं. तरतूद नेमकी आहे. अंमलबजावणी करताना मात्र बहुतेक ठिकाणी गरिबाची झोपडी आधी दिसते.

फाटक बंद केल्यावर

गुरांनी रान संपवलं, मग गुरं बाहेर काढा, असा सरळ निष्कर्ष वनखात्यानं अनेकदा काढला. त्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग भरतपूरचा. केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाल्यावर नोव्हेंबर १९८२मध्ये म्हशींना बंदी झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. पुढची काही वर्षं पाणथळीत एक गवत असं माजलं की उथळ पाणी गच्च भरलं, पक्ष्यांना उतरायला जागा राहिना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं डॉ. विजयन यांच्या नेतृत्वाखाली दशकभर अभ्यास केला आणि ज्या म्हशींना हुसकलं होतं त्याच पाणथळ मोकळी ठेवत होत्या, या निष्कर्षाला ती आली. बंदीची शिफारस मुळात पक्ष्यांच्या भल्यासाठी झालेली होती, हे लक्षात घेतलं म्हणजे ही कबुली किती मोठी होती ते कळतं. भोपाळच्या मोठ्या तलावाच्या कडेला, बिशनखेडीच्या बाजूला, म्हशी आणि पक्षी एकाच दलदलीत पाहताना भरतपूर आठवल्याशिवाय राहत नाही. हा तलाव २००२पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ आहे. तिथंही उद्या कुणी कुंपणाचा प्रस्ताव मांडेल.

दुसरं उदाहरण मध्य प्रदेशातलंच आहे, शिवपुरी जिल्ह्यातल्या करेराचं. माळढोकासाठी १९८१ साली २०२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. त्यात शेतं होती, गावं होती. माणसांना आपली जमीन विकता येईना, बँकेकडे गहाण टाकता येईना. संरक्षणामुळे काळविटांची संख्या वाढली, ती पिकांत शिरू लागली. माळढोक हा पाहुणा पूर्वी लोकांना आवडायचा, आता त्याच्या नावानं खडे फोडले जाऊ लागले. १९९०च्या दशकात माळढोक तिथून गेला तो गेलाच, आणि शेवटी अभयारण्याचा दर्जाही काढून घ्यावा लागला. आपल्या नान्नजची गोष्ट याच्या शेजारी ठेवून वाचावी. १९७९ साली सोलापूर-नगर भागात ८,४९६ चौरस किलोमीटर अभयारण्य जाहीर झालं, पुढं ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. डॉ. असद रहमानींनी १९८०च्या दशकात करेरा आणि नान्नज दोन्हीकडे माळढोकाचा अभ्यास केला. या पक्ष्याला सगळीकडे सारखं गवत नको असतं. नराला मिरवायला चरलेली, आखूड गवताची उघडी जागा लागते. मादीला अंडी घालायला त्यापेक्षा उंच, निवांत गवत लागतं. म्हणजे त्याच्या संसारात गुरं यावी लागतात आणि काही काळ काही तुकड्यांतून दूरही राहावी लागतात. सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक यांपैकी कशातूनच असं रान तयार होत नाही.

सैलान्याचा बीड

असं रान तयार करायची रीत कुठं होती का? होती. माळव्यात राखीव गवताच्या कुरणाला ‘बीड’ म्हणतात. संस्थानिकांचे बीड होते, जहागीरदारांचे होते, गावचेही होते. पद्धत अशी, की आषाढ लागला की बीड बंद. जनावर आत सोडायचं नाही. गवत वाढेल, फुलेल, बी पाडेल. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापणी. गंज्या रचायच्या. त्यानंतर बीड गुरांना मोकळा, पुढच्या पावसापर्यंत. शास्त्राच्या भाषेत ही विलंबित चराई झाली, आणि झाशीच्या भारतीय चराई व चारा संशोधन संस्थेची शिफारसही याच दिशेची आहे. बी पडेपर्यंत थांबा, मग आळीपाळीनं चारा.

या पद्धतीचा फायदा एका पक्ष्यानं अलगद उचलला. तणमोर, ज्याला मध्य प्रदेशात खरमोर म्हणतात, नेमका पावसाळ्यात विणीला येतो. नर गवतातून सरळ वर उडी मारतो, पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात पडतो. दिवसातून शेकडो वेळा. ती उडी म्हणजे मादीला बोलावणं आणि दुसऱ्या नराला इशारा. गवत त्याला झाकण्याइतकं हवं आणि उडी झाकली जाणार नाही इतकं बेताचं हवं. बंद बीडात श्रावणात असंच गवत असतं. कापणी सुरू होईतो पिल्लं उडून गेलेली असतात. सालिम अलींच्या आग्रहानंतर १९८३ साली रतलाम जिल्ह्यात सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर अशी दोन अभयारण्यं त्याच्यासाठी झाली. पक्षी-अभ्यासक रवी शंकरन यांनी याच भागात गवतात बसून त्याच्या उड्या मोजल्या. सैलान्याचं क्षेत्र जेमतेम तेरा चौरस किलोमीटर, पण मुळात गवताचं. सरदारपूरचं जाहीर झालं तेव्हा साडेतीनशेच्या घरात होतं, पण बरंचसं खासगी शेतीचं, आणि तिथं करेरासारखीच जमीनविक्रीची रड.

आज तणमोराची देशातली संख्या हजाराच्या खाली गेली आहे आणि २०२१पासून तो जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. माळव्यात त्याची खबर देणाऱ्या आणि घरटं सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला वनखातं रोख बक्षीस देतं. विदर्भात अकोला-वाशीमकडे फासेपारधी समाजाची माणसं तणमोरासाठी कुरण राखतात. एकेकाळी जे फासे लावत तेच आज त्याचे पत्ते सांगतात.

चालत्या कळपाचा हिशेब

बीड ही एका जागी विसावा देण्याची रीत होती. दुसरी रीत म्हणजे जनावरांनीच पुढं जात राहायचं. राजस्थानच्या पाली-जालोरकडचे रायका मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या-उंटांचे डेरे घेऊन माळव्यात येतात. भोपाळ, रायसेन, विदिशाच्या शिवारात हिवाळ्या-उन्हाळ्यात हे डेरे दिसतात. लाल पगडी, उंटावर खाटा, टोपल्यात नुकतं जन्मलेलं कोकरू. कापणी झालेल्या शेतात रात्री मेंढ्या बसवल्या की शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. आपल्याकडे फलटण-माणचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, तोच व्यवहार. मध्य प्रदेश सरकारनं रायकांच्या येण्यावर, मार्गांवर, मुक्कामाच्या मुदतीवर वेळोवेळी निर्बंध घातले, कारण हजारांचा कळप पाहिला की कुणालाही धडकी भरते. पण तो कळप एका जागी दोन-चार रात्रींवर राहत नाही. गवताच्या दृष्टीनं वर्षभर तिथंच असलेल्या वीस गायी त्याच्यापेक्षा जड.

आशियातल्या स्टेप प्रदेशात, म्हणजे तिथल्या अफाट गवताळ मैदानांतही हेच दिसलं. १९९८ साली डेव्हिड स्नीथ यांनी ‘सायन्स’मध्ये उपग्रह चित्रांच्या आधारे मंगोलिया आणि शेजारच्या रशिया-चीनमधली कुरणं ताडून पाहिली. मंगोलियात त्या काळी कळप फिरते होते, तिथं दशांश कुरण खराब झालेलं. चीनच्या बाजूला, जिथं कुटुंबागणिक वाटणी आणि कुंपणं आली, तिथं तृतीयांश. रशियाच्या बाजूला, जिथं पक्क्या गोठ्यांची सामूहिक शेती होती, तिथं तीन-चतुर्थांश. पुढं मंगोलियातही कश्मिरी लोकरीच्या बाजारानं शेळ्या वाढल्या, एकूण जनावरं सात कोटींवर गेली आणि तिथलं चित्रही बिघडलं. उलट टोकाला कझाकस्तान. सोव्हिएत संघ मोडल्यावर तिथले कळप झपाट्यानं घटले, न चरलेलं गवत वाळून साचलं आणि वणव्यांचं प्रमाण वाढलं. संख्या, फिरणं आणि विसावा या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय स्टेपलाही निदान सापडत नाही.

माणसं उठवलेली कुरणं

मध्य प्रदेशात कुरणाची तिसरी वाटही आहे, गाव उठवून मिळवलेली. कुनोच्या जंगलातून सिंहांसाठी चोवीस गावं हलवली, बहुतेक सहरिया आदिवासींची. सिंह आले नाहीत. सोडलेल्या शेतांत गवत आलं, गावकऱ्यांनी मागं ठेवलेली गुरं रानटी होऊन त्यातच चरत राहिली, आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते तिथं उतरले. कान्हाची मैदानंही बऱ्याच अंशी जुन्या गावांच्या जागी आहेत. १९७० साली तिथले बारशिंगे ६६वर आले होते. गवत सुधारलं, संरक्षण वाढलं, तसे ते हजाराच्या घरात पोचले, इतके की २०१५पासून त्यांना सातपुड्यात आणि भोपाळच्या वनविहारातही नेता आलं.

पण गाव उठलं म्हणजे कुरण झालं, असं होत नाही. वस्ती हलल्यावर पहिली काही वर्षं गवत जोमात येतं. मग बोर, पळस, घाणेरी शिरतात, आणि कुणी काही केलं नाही तर दहा-पंधरा वर्षांत झुडपांचं रान होतं. पूर्वी ती झुडपं शेळ्या खुडत, माणसं जळणाला तोडत, आग लागे. अमरावतीचे गवततज्ज्ञ डॉ. गजानन मुरतकर मध्य भारतातल्या अभयारण्यांतून नेमकं याच प्रश्नावर काम करत आले आहेत. कुठलं गवत कुठल्या जनावराला हवं, कोणतं तण मुळासकट आणि फुलोऱ्याआधी काढायचं, कुठल्या गवताचं बी कधी गोळा करून कुठं पेरायचं, याचं प्रशिक्षण वनरक्षकांना देतात. वाघाच्या पावलाचा ठसा ओळखणारा वनरक्षक पवना आणि कुसळी वेगळी ओळखू शकेलच असं नाही. कुरण सांभाळायचं तर ही अक्षरओळख आधी हवी.

याहून मोठी आफत झाडं लावणाऱ्यांची. सरकारी नोंदीत माळरानाचा मोठा भाग ओसाड जमीन म्हणून जातो. ओसाड म्हटलं की खड्डे खणून रोपं लावायची, सौर पॅनेल बसवायची, नाहीतर वसाहत करायची. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी २०२२मध्ये देशातल्या नैसर्गिक उघड्या रानांचा नकाशा काढला. भारताच्या सुमारे दहा टक्के भूभागावर अशी रानं आहेत आणि त्यातली पाच टक्केदेखील संरक्षित नाहीत. ही रानं जंगल तोडून झाली, हा समजही तपासायला हवा. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनचं मराठी वाङ्मय, ओव्या, आख्यायिका चाळल्या. त्यांत आलेल्या ४४ रानवनस्पतींपैकी जवळपास दोन-तृतीयांश उघड्या माळरानाच्या निघाल्या. पंढरपूरची कान्होपात्रेची तरटी त्यातलीच. पश्चिम महाराष्ट्राचा माळ किमान साडेसातशे वर्षं माळच आहे, हे संतांनी आणि धनगरांनी नोंदवून ठेवलं होतं. आपण वाचायला उशीर केला.

रातापानीत काय करता येईल

भोपाळच्या दारात आता देशातल्या नव्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. केरवा-कलियासोतच्या बाजूनं वाघ शहराच्या कडेपर्यंत येतात आणि चरायला सोडलेली गुरं त्यांच्या आहारात असतात. केरव्यातच वनविहार आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या दोघांचं गिधाड प्रजनन केंद्र आहे. मेलेल्या गुरांतल्या डायक्लोफेनॅक या औषधानं गिधाडं संपत आली तेव्हा ते उभारावं लागलं. गोठा, कुरण, वाघ आणि गिधाड यांची एकच साखळी इथं पंधरा-वीस किलोमीटरच्या आत पाहता येते. त्यामुळे गुरं नकोत असं म्हणून या जंगलाचा प्रश्न सुटणार नाही, आणि गुरं आहेत तशी राहू द्या म्हणूनही नाही.

नऊ गावांच्या बफरमध्ये सुरुवात करता येईल. प्रत्येक गावच्या चराईच्या जागेचे तीन-चार भाग पाडावेत. दरवर्षी त्यातला एक भाग आषाढापासून बी पडेपर्यंत बंद, तिथलं गवत कापून डोक्यावरून न्यायला परवानगी. पुढच्या वर्षी दुसरा. कोणता भाग कधी बंद ठेवायचा ते ग्रामसभेनं ठरवावं. २००६च्या वनाधिकार कायद्यात चराईचा हक्क, फिरत्या मेंढपाळांच्या हंगामी चराईसह, मान्य आहे, पण हक्काबरोबर वेळापत्रक करायचं काम कुणी अंगावर घेतलेलं नाही. सोयाबीनच्या पट्ट्यात पावसाळ्यातल्या चाऱ्याची सोय झाल्याशिवाय हे वेळापत्रक पाळलं जाणार नाही, म्हणून नरवाई जाळण्यावर दंड करण्यापेक्षा भुशाला भाव देणं शहाणपणाचं. बाहेरून येणाऱ्या डेऱ्यांना मार्ग आणि मुक्काम आधी कळवले तर शेतकऱ्याचंही भलं होईल.

या सगळ्याला फार पैसा लागत नाही, नोंद लागते. आपण दर पाच वर्षांनी गुरं मोजतो आणि दर चार वर्षांनी वाघ. कोणत्या गावाच्या कोणत्या कुरणाला गेल्या पावसाळ्यात किती आठवडे तोंड लागलं नाही, याचं रजिस्टर मात्र ना पंचायतीत आहे, ना वनखात्याच्या रेंजमध्ये. ते सुरू करावं. तीन पावसाळ्यांच्या नोंदी हाती आल्या, की चराईवरच्या भांडणात दोन्ही बाजूंना बोलायला काही ठोस मिळेल, आणि रातापानीतल्या पवन्यालाही बी पाडण्याइतकी सवड.